खिळ्यावरचा नान

मित्रांनो, जिने आयुष्यभर केवळ टोचण्याचेच काम केले, अशा एका जुन्या वस्तूची ही हकीकत आहे. मी नानावर उठवायचा ठसा आहे. माझी मूठ जर्दाळूच्या लाकडाची, खालची तबकडी लहान मुलाच्या तळव्याएवढी, आणि त्या तबकडीत लोखंडी दाते रोवलेले. नान तंदुरात लावण्यापूर्वी त्याच्या मध्यभागी मला दाबतात. मी टोचले की तेवढा भाग फुगत नाही आणि कडा मात्र उशीसारख्या वर येतात. मी टोचले नाही, तर नान मधोमध फुगतो, तंदुराच्या भिंतीवरून सुटतो आणि निखाऱ्यांत पडतो. लोक म्हणतात, ठशाने नक्षी उठते. ती उठते हे खरे आहे. परंतु माझे मूळ कार्य फुगू न देणे हे होय.

माझा जन्म बुखारा शहरात, लाकूड कातणाऱ्या कातारी लोकांच्या गल्लीत, उस्ताद शोदी यांच्या दुकानात झाला. सलोमत नावाच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि तिच्या आईने रुखवतासाठी ठसा सांगून ठेवला होता. उस्तादांनी जर्दाळूचा एक सुका ओंडका निवडला, तो कातण्याच्या यंत्रावर चढवला आणि दोरी पुढेमागे ओढीत पटाशीने मला आकार दिला. दाते रोवण्याची त्यांची रीत अशी होती की ते भोक पाडत नसत. प्रत्येक दाता निखाऱ्यावर लाल करीत आणि लाकडात तसाच दाबीत. दाता स्वतःची जागा स्वतः जाळून घेई आणि मग सहसा हलत नसे. बाहेरच्या वर्तुळात चोवीस, आतल्या वर्तुळात बारा आणि मध्ये एक, असे सदतीस वेळा मला भाजण्यात आले. त्या वेळी मला काय वाटले, हे मी सांगू शकत नाही. लाकडाला त्या वेळी काही वाटत असेल तर ते नंतर स्मरणात राहत नाही.

काम पूर्ण झाल्यावर उस्तादांनी मला ओल्या मातीवर दाबून पाहिले आणि म्हणाले, "चालेल." ही मला मिळालेली पहिली प्रशंसा. ते कोणत्याही वस्तूला 'छान' म्हणत नसत, हे मला पुढे समजले.

त्यानंतर मी सलोमतबरोबर तिच्या सासरी गेलो. तिचे यजमान इस्तम हे कापसाच्या गिरणीत राखणदार होते. गिरणीच्या फाटकावर ते उभे असले, की आपल्या परवानगीवाचून एक बोंडदेखील बाहेर जात नाही असे ते अभिमानाने सांगत. त्यांना तीन मुली झाल्या आणि पुष्कळ वर्षांनी एक मुलगा झाला. त्याचे नाव मेहरिद्दीन. आमच्याकडे सर्वांत धाकटा मुलगा आईबापांच्या घरात राहतो आणि त्यांचे म्हातारपण पाहतो. त्यामुळे त्या घरात मेहरिद्दीनवर माया थोडी अधिक होती, हे मी पाहिलेले आहे.

आठवड्यातून दोन वेळा सलोमत पहाटे कणीक मळीत असे. पीठ आंबून वर आले की ती गोळे थापी, मध्ये मला दाबी, वर तीळ आणि कलौंजी भुरभुरवी आणि नान हातातल्या कापडी गादीवर घेऊन तंदुराच्या भिंतीला लावी. एका दिवसात चाळीस चाळीस नान माझ्या हातून गेले आहेत. रमझानात त्याहून अधिक.

मेहरिद्दीन सहा वर्षांचा असताना त्याने माझ्या मुठीऐवजी माझ्या तोंडानेच अक्रोड फोडला. बाहेरच्या वर्तुळातील एक दाता निखळून अंगणात कुठेतरी गेला. सलोमतने मुलाच्या पाठीत धपाटा घातला आणि दुपारभर तो दाता शोधला. तो सापडला नाही. तेव्हापासून माझ्या नक्षीत एका ठिकाणी रिकामी जागा उमटू लागली. प्रथम तिला त्याची लाज वाटली. परंतु लग्नात किंवा मयतीत दहा घरांचे नान एका दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, एकत्र येत, तेव्हा बायका एक नान उचलून पाहत आणि म्हणत, "हा सलोमतचा. एक दात पडलेला." हळूहळू ती खूण त्या घराची झाली.

मित्रांनो, आता मुख्य घटनेकडे वळू.

दोन वर्षांपूर्वी नवरोजचा सण संपल्यावर मेहरिद्दीन रशियातील एका थंड शहरात बांधकामावर जाण्यास निघाला. ज्या दिवशी घरातील मुलगा दूर जातो, त्या दिवशी आमच्याकडे त्याच्यासाठी एक नान वेगळा भाजतात. तो त्याचा एक घास दातांनी तोडतो आणि बाकीचा नान त्याची आई भिंतीवरच्या खिळ्याला टांगते. तो परत येईपर्यंत त्या नानाला कोणी हात लावायचा नाही. परत आल्यावर उरलेला नान त्यानेच संपवायचा. तोडलेला घास उरलेल्या नानाकडे माणसाला ओढून आणतो, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी, हे ठसा सांगू शकत नाही. मी एवढेच सांगतो की तो नान माझ्याच तोंडाचा होता आणि त्यावर दाता नसलेली ती रिकामी जागा स्पष्ट उमटली होती.

मुलगा गेला. घरात दोनच माणसे राहिली आणि दोन माणसांसाठी तंदूर पेटवणे सलोमतला जड वाटू लागले. ती कोपऱ्यावरच्या भट्टीतून नान आणू लागली. माझे काही दाते सैल झाले होते. एके दिवशी तिने मला ओढणीत गुंडाळले आणि कातारी गल्लीत नेले. उस्ताद शोदी हयात नव्हते. दुकान त्यांचे चिरंजीव उस्ताद हमरोकुल चालवीत होते आणि त्यांची मुलगी मोहिचेहरा गिऱ्हाईक पाही.

"दाते घट्ट करून ठेव," सलोमत म्हणाली. "पण जो पडलाय तो बसवू नकोस हं."

"आपा, एक दाता बसवायला मला कितीसा वेळ लागतोय?" उस्ताद म्हणाले.

"वेळेचं नाही रे. तो बसवलास तर माझा नान मलाच ओळखू यायचा नाही."

उस्तादांनी माझे दाते घट्ट केले. सलोमत मात्र मला न्यायला आली नाही. प्रथम तिचे गुडघे दुखत होते, नंतर ती विसरली असावी. मी दुकानाच्या भिंतीवर नव्या ठशांच्या रांगेत, पाळण्यांच्या खुंट्या आणि मिठाच्या डब्या यांच्या शेजारी, दोन वर्षे टांगलेला राहिलो. येणारे पाहुणे नवे ठसे हातात घेत आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर येई. मोहिचेहरा म्हणे, "तो विकायचा नाही. तो लोकांचा आहे." अगदी अलीकडे एक परदेशी बाई तर लागोपाठ दोन दिवस येत राहिली. तिला जुनाच हवा होता. तेव्हा उस्ताद आपल्या मुलीला म्हणाले, "तिला सांग, नवा घेऊन जा आणि रोज वापर. चाळीस वर्षांत आपोआप जुना होईल." मोहिचेहराने हे तिला सांगितले किंवा नाही, मला ठाऊक नाही. ती बाई हसली एवढे मी पाहिले.

भिंतीवर असणे हे वाईट जीवन नव्हते. धूळ दर शुक्रवारी पुसली जाई. परंतु कणकेचा ओलावा मिळेनासा झाला की जर्दाळूचे लाकूड आतून तडकू लागते. माझ्या मुठीला केसाएवढी चीर गेली होती आणि ती वाढत होती.

एका सोमवारी सकाळी इस्तम दुकानात आले. आमच्याकडे आजोबांना बोबो म्हणतात आणि मुलींची मुले मोठी झाल्यापासून सारी गल्ली त्यांना इस्तमबोबो म्हणत असे. ते दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात गाठ मारलेला एक रुमाल होता.

"उस्ताद, माझ्या हातून घात झाला."

"काय झालं बोबो?" उस्तादांनी यंत्र बंद केले नाही. "परत टोपी हरवली?"

"मी मेहरिद्दीनचा नान खाल्ला."

यंत्र थांबले.

"कुठला? खिळ्यावरचा?"

"खिळ्यावरचाच."

"दोन वर्षांचा नान? बोबो, तुम्हाला एकसुद्धा दात नाही!"

"म्हणून तर चहात बुडवला," इस्तमबोबो म्हणाले आणि बाकावर बसले.

मग त्यांनी घडलेला वृत्तांत सांगितला. सलोमत गुडघ्यांच्या उपचारासाठी थोरल्या मुलीकडे नावोई गावी गेली होती. घरात ते एकटेच होते. ज्या दोरीने नान टांगला होता ती कुजून तुटली आणि नान जमिनीवर पडून त्याचे तुकडे झाले. पहाटे बोबो चष्म्यावाचून उठले. पायाखाली नान पाहून ते चटकन खाली बसले, कारण आमच्याकडे नान पायाखाली येणे याहून मोठे पाप नाही. त्यांनी तुकडे गोळा केले, एकेक ओठांना आणि कपाळाला लावला. शेजारच्या फळीवर चहाबरोबर खाण्याचे सुके नान असत, त्यांपैकीच एखादा खाली पडला असे त्यांनी धरले. जमिनीवर पडलेला नान परत फळीवर ठेवणे हाही त्याचा अपमान. तो लगेच खाल्ला पाहिजे. त्यांनी चहा केला, बिस्मिल्ला म्हटले आणि एकेक तुकडा बुडवून खाल्ला. शेवटचा तुकडा हातात आला, तेव्हा त्याची कड अर्धचंद्रासारखी तोडलेली लागली. त्यांनी वर पाहिले. खिळा रिकामा होता.

"हा तो तुकडा," त्यांनी रुमाल सोडला. मुलाच्या दातांच्या खुणा त्यावर अजून होत्या.

मोहिचेहराने त्या खुणा वाकून पाहिल्या. ती म्हणाली, "बोबो, आजी कधी येतेय?"

"गुरुवारी. पोरी, तिला तू ओळखत नाहीस. रोज सकाळी उठली की आधी त्या खिळ्याकडे बघते, मग माझ्याकडे. नान नाही असं तिला दिसलं तर ती धरून चालेल की पोरगा काही आता येत नाही. तिची छाती आधीच नाजूक आहे. डॉक्टरनं सांगितलंय, धक्का बसता कामा नये."

"मग?"

बोबोंनी भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट दाखवले. "ठसा तर इथंच आहे. तसाच दुसरा भाजू. तसाच टांगू."

उस्ताद उठून उभे राहिले. "बोबो, या दुकानातून खोटा माल कधी बाहेर गेलेला नाही. माझ्या बापाच्या काळापासून नाही."

"माल कसला आलाय त्यात! नान आहे तो."

"तेच तर. माल असता तर मी एक वेळ ऐकलं असतं."

"बरं," बोबो म्हणाले, "मग गुरुवारी तिला तूच सांग. तुझा शब्द ती मानते."

उस्तादांनी बराच वेळ पटाशीची धार अंगठ्यावर पाहिली. नंतर ते मुलीला म्हणाले, "कणीक उद्या भिजव."

अशा रीतीने मंगळवारी दुपारी, दोन वर्षांनंतर, मला भिंतीवरून काढण्यात आले. मोहिचेहराने मला कोमट पाण्याने पुसले, तेलाचे बोट फिरवले आणि कणकेवर दाबले. मला आनंद झाला असे लिहिण्याची अशा आत्मवृत्तांत पद्धत आहे. खरे सांगायचे तर मला माझे वजन पुन्हा समजले. कणकेने मला ओढून धरले, मी सुटलो, आणि खाली तेवीस, बारा आणि एक अशा खुणा राहिल्या. दुकानामागच्या तंदुरात तो नान खरपूस भाजून निघाला.

आता तो ताजा असतानाच दातांनी तोडणे आवश्यक होते. मग सुकवून टांगता आला असता. येथे अडचण निर्माण झाली.

"उस्ताद, तू तोड."

"मी?" उस्ताद मागे सरकले. "मी तोडला म्हणजे मी कुठेतरी निघालो असं झालं. मी उभ्या जन्मात या शहराबाहेर गेलो नाही. उगीच नशिबाला आवताण कशाला?"

"मग मोहिचेहरा, बेटी, तू तोड. तुझे दात चांगले आहेत."

"बोबो, माझं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "मी आत्ता नान तोडला तर सासरी जाऊन परत माघारी येईन. सासूबाईंना कळलं तर मला घेणारसुद्धा नाहीत."

"मग मी काय करू? रस्त्यावर जाऊन माणसं शोधू?"

त्याच वेळी ती परदेशी बाई तिसऱ्यांदा दारात आली. बोबोंचा चेहरा उजळला. हिला तर दूर जायचेच आहे आणि परत आली तर कोणाचे काय बिघडते, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी दोन्ही हातांनी नान तिच्यासमोर धरला आणि स्वतःच्या बोळक्या तोंडाने चावण्याचा अभिनय करून दाखवला. बाईने हात छातीवर ठेवला, मान लववली आणि नान घेतला. कोणीतरी तिला आमच्याकडील चांगली रीत शिकवली होती: नानाला सुरी लावायची नाही आणि तो दातांनीही तोडायचा नाही, हातांनी मोडून सर्वांना द्यायचा. तिने नानाचे अदबीने चार तुकडे केले, पहिला बोबोंना दिला, दुसरा उस्तादांना, तिसरा मोहिचेहराला, आणि चौथा स्वतः खाल्ला.

"रहमत," ती म्हणाली. म्हणजे, आभारी आहे.

बोबो तुकडा हातात धरून तसेच उभे राहिले. उस्ताद हसू आवरण्यासाठी यंत्राच्या मागे गेले.

"हसू नकोस," बोबो म्हणाले.

"हसत नाही बोबो. भुसा गेला नाकात."

बुधवारी दुसरा नान भाजण्यात आला. या वेळी बोबोंनी कोणालाच विचारले नाही. ते म्हणाले, "बापानं तोडला काय आणि मुलानं तोडला काय, रक्त एकच." त्यांनी दुकानाच्या मधोमध उभे राहून गरम नान तोंडात धरला आणि ते तो हिरड्यांनी दाबू लागले. नान तुटेना. नुसता चेपला जाई आणि सोडला की परत वर येई. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवून जोर लावला.

सलोमत गुरुवारऐवजी बुधवारी आली. मुलीच्या घरी तिला करमेना, म्हणून ती सकाळच्या गाडीने निघाली. घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, बोबो तीन दिवस कातारी गल्लीतच पडून असतात. ती पिशवी घेऊन तशीच दुकानात आली.

"अहो मेहरिद्दीनचे बाबा," दारातून तिचा आवाज आला, "माझ्यामागे घरात खायला नव्हतं का काही, की लोकांच्या दुकानात उभ्यानं खाताय?"

बोबोंच्या तोंडात नान होता. ते उत्तर देऊ शकले नाहीत.

ती आत आली. ओट्यावर मी पिठाने माखलेला पडलो होतो. तिने मला उचलले, अंगठ्याने पीठ पुसले, मग बोबोंच्या तोंडातून नान सोडवून घेतला. तिने नक्षीतली ती रिकामी जागा पाहिली आणि हिरड्यांनी दबलेली कडही पाहिली. नान हा असा केवळ एकाच कारणासाठी दातांत धरतात, हे तिला सांगावे लागले नाही.

तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठं निघालात तुम्ही?"

"आपा," उस्ताद घाईने पुढे आले, "ते एका पाहुण्या बाईला आपली रीत दाखवायची म्हणून..."

ही सबब चांगली होती. सलोमतने ती मानली असती, कारण तिला ती मानायची इच्छा होती, असे मला तिच्या बोटांवरून जाणवले. ती बोटे माझ्या मुठीवर सैल होत होती. परंतु इस्तमबोबो तिच्या तोंडाकडे पाहत होते. आपण कोठेतरी निघालो असे वाटताच म्हातारीची जी अवस्था झाली, ती त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नसावी.

"गप रे उस्ताद," ते म्हणाले. "मी कुठं जात नाही. ऐक. दोरी तुटली. नान पडला. मला दिसलं नाही, मी फळीवरचा समजून खाल्ला. मेहरिद्दीनचा नान मी खाल्ला." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "एवढा उरला."

सलोमत बाकावर बसली. मोहिचेहराने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. तिने रुमालातील तुकडा तळहातावर घेतला आणि दातांच्या खुणांवरून बोट फिरवले.  उस्ताद जमिनीकडे पाहत होते. तिची छाती नाजूक आहे हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येक जण तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होता.

"सगळा?" तिने विचारले.

"सगळा."

"दोन वर्षं मी तो उंदरांपासून राखला," ती म्हणाली. "मुंग्यांपासून राखला. पावसाळी हवेत खिडकीसुद्धा उघडी ठेवली नाही. आणि तुम्ही! गिरणीच्या फाटकावर सारा जन्म राखणदार म्हणून काढलात, आणि घरातला एक नान राखता आला नाही?"

"नाही आला," बोबो म्हणाले.

"चहात बुडवला?"

"हो."

"साखर घातली होती?"

"...थोडी."

"डॉक्टरनं साखर बंद केलीय ना तुमची?"

बोबो डोक्यावरची टोपी नीट करू लागले.

तिने दीर्घ श्वास घेतला. मोहिचेहरा पुढे झाली, परंतु सलोमतने तिला हाताने थांबवले. ती रडेल असे सर्वांना वाटले होते. ती बराच वेळ आपल्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहत राहिली.

"म्हणजे तो नान आता तुमच्या पोटात आहे," ती म्हणाली.

"आहे," बोबो अपराध्यासारखे म्हणाले.

"मग ऐका. खिळ्यावर नसला तरी चालेल, पण माझ्या घरात तो असला पाहिजे. मेहरिद्दीन येईपर्यंत तुम्हाला मरता यायचं नाही. परवा नातवाला कबरीची जागा दाखवत होतात म्हणे. ते सगळं बंद. त्या गोळ्या तुम्ही खाता की बाथरूममध्ये टाकता, ते मला माहीत आहे. आजपासून माझ्यासमोर खायच्या. तो येईल तेव्हा मी त्याला काय दाखवू? तुमचं थडगं?"

"अगं, पण तो कधी येणार ते..."

"कधी का येईना! तोवर टिका."

उस्तादांनी तोंड फिरवले. या वेळी ते हसत नव्हते.

मग सलोमतने तो दुसरा नान, ज्यावर हिरड्यांचे दाब होते, हातांनी मोडला आणि सर्वांना वाटला. मोहिचेहराने चहा आणला. चहा बिनसाखरेचा होता. दातांच्या खुणांचा तो लहान तुकडा मात्र तिने कोणाला दिला नाही. रुमालात बांधून तिने तो इस्तमबोबोंच्या अंगरख्याच्या आतल्या खिशात, छातीजवळ ठेवला आणि वरून टाचणी लावली.

"हरवलात तर बघा," ती म्हणाली.

जाताना तिने मला ओढणीत घेतले. उस्तादांनी माझ्या मुठीच्या चिरेत लाखेचा थेंब सोडला आणि पातळ तार गुंडाळून दिली. ते म्हणाले, "आता याला भिंतीवर ठेवू नका. वाळून फाटेल. कणकेत असला तरच टिकतो." हे त्यांनी तिच्याकडे पाहून सांगितले की बोबोंकडे, हे मला नीट सांगता येणार नाही.

पुढील रविवारी मेहरिद्दीनचा नेहमीप्रमाणे फोन आला. सलोमतने त्याला काहीही न लपवता सारे सांगितले.  मग त्याने विचारले, "बाबा बरे आहेत ना?" गेली दोन वर्षे तो फोनवर पैसे पोचले का आणि आईचे गुडघे कसे आहेत, हे दोनच प्रश्न विचारी. आता तो बुधवारीही फोन करतो आणि सांगतो, "बाबांना द्या." बोबो फोन कानाला लावून मोठ्याने ओरडतात, "आहे! अजून आहे!" आणि फोन परत देतात.

सलोमत पुन्हा आठवड्यातून दोनदा तंदूर पेटवते. नवऱ्याला सुके चावत नाही म्हणून ती मऊ, जाड नान करते आणि मला नेहमीपेक्षा थोडे कमी दाबते. बोबो सकाळी घराबाहेर पडू लागले की ती दारात उभी राहून मफलर, टोपी आणि खिशातली टाचणी तपासते, आणि ते कुरकुर करतात. थंडीत एकदा त्यांना खोकला झाला, तर तिने चार दिवस त्यांना अंथरुणातून उठू दिले नाही. मी हे सर्व फळीवरून पाहतो. मेहरिद्दीन अद्याप आलेला नाही. येईल किंवा येणार नाही, याविषयी मी काहीही लिहिणे उचित नव्हे.

मित्रांनो, ठशाने उपदेश करावा असे माझे शिक्षण नाही. मला सदतीस दाते मिळाले आणि त्यांतीलही एक गेला. परंतु वस्तूंची निगा राखा, आम्हांला कामात ठेवा, पुसून कोरडे करा, अशी विनंती माझ्यासारखे सर्वच जण करतात आणि मीही करतो. तिच्यात केवळ एक भर घालू इच्छितो. तुमच्या घरात कोणाच्या वाटेकडे डोळे लावून एखादा नान, एखादे पत्र, एखादा सदरा जपून ठेवलेला असेल, तर तो अवश्य जपा. परंतु त्याच्याजवळ जे माणूस वाट पाहत बसले आहे, त्याच्या पोटात आज काय गेले आणि त्याने गोळी घेतली का, हे आधी विचारा. दूरच्या माणसाला परत येण्यासाठी घरात कोणीतरी जिवंत असावे लागते.

आज बुधवार आहे. कणीक वर आली आहे आणि सलोमत हात धुऊन माझ्याकडे येत आहे.